तिसरी गोलकीपर: पनवेल ते म्हसळा, एका निर्णयासकट

या सहलीचं कारण समुद्र नव्हता, माझा दादा होता. त्याची मुलगी सई बारावी झाली, फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे आणि तिला दोन कॉलेजांनी बोलावलंय. एक मुंबईतलं नावाजलेलं: स्वतःचं मैदान, मोठा कोच, कपाटभर चषक. पण तिथे दोन गोलकीपर आधीच आहेत, सई तिसरी. दुसरं आमच्या पनवेलजवळचं. त्यांची टीम दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी येते, पण तिथे सई पहिल्या दिवसापासून गोलमध्ये उभी राहणार. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "तू तिला फिरायला ने आणि जरा डोक्यात प्रकाश पाड," दादा म्हणाला. प्रकाश म्हणजे मोठं कॉलेज, हे त्याने सांगितलं नाही, पण मला कळलं. खरं तर मलाही तेच पटत होतं.

शनिवारी उजाडताच निघालो. मे महिन्यात निघणार असाल तर असंच निघा, नाहीतर वडखळच्या गर्दीत गाडीत बसून शिजाल. वडखळला गरम बटाटेवडे खाल्ले आणि अलिबागच्या रस्त्याला लागल्यावर सईने खेळ काढला. तिच्या लीगमधल्या एकेका कॉलेजची टीम दुसऱ्या खेळातला कुठला खेळाडू आहे, ते सांगायचं.

"अंधेरीकडची टीम म्हणजे मॅरेथॉनमधला तो माणूस," ती म्हणाली, "जो फोटो निघेपर्यंत सगळ्यांच्या पुढे पळतो."

"आणि ठाण्याची?"

"गल्लीतले कॅरमवाले काका. राणी घेतात झकास, कव्हर कधीच मिळत नाही."

मी कॉलेजात खो-खो खेळलेय, त्यामुळे मीही मागे राहिले नाही. खो मिळेपर्यंत बसल्या जागी पेंगणारा गडी, हरायला लागला की बॅट उचलून घरी जाणारा पोरगा, सगळे वाटून टाकले. चौल येईपर्यंत हसून पोट दुखायला लागलं.

चौलला थांबाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, त्यामुळे भर दुपारीही ऊन बेताचं लागतं. कडेला ताडगोळे विकायला होते. विकणाऱ्या ताईंनी सोलून हातात ठेवले, आम्ही उभ्याउभ्याच संपवले. देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी पहिला प्रयत्न केला. "मोठ्या ठिकाणी नुसतं बसून बघितलं तरी शिकायला मिळतं," मी म्हणाले. सई म्हणाली, "हं." या वयात 'हं'चा अर्थ 'नाही' होतो, तरी मी ते होकारात धरलं.

रेवदंड्याचा पूल ओलांडून, काशीदची गर्दी टाळून मुरूडला मुक्काम केला. घरगुती राहण्याची सोय साधी आणि परवडणारी असते, फक्त शनिवारी आधी फोन करून ठेवा. रात्री सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी सोलकढी तीनदा मागितली आणि मालकीणबाईंनी तीनही वेळा न कुरकुरता वाढली.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर शर्यतीचे तीन बैल पाण्यात उतरवत होते. शिंगं रंगवलेली, अंगावर तेलाची चमक. मालक त्यांच्याशी जावयाशी बोलावं तसं अदबीने बोलत होता. मला संधी मिळाली. "बघ, हे तुझं मोठं कॉलेज. खुराक, मालिश, फिरायला स्वतःचा टेम्पो!"

सईने मालकाला विचारलं, "काका, जोडी दोनच बैलांची असते ना? मग तो तिसरा?"

"शर्यतीच्या दिशी त्यो ऱ्हातो गोठ्यात. यातला येक लंगडला तर त्याला काढायचा."

मी विषय बदलला.

आगरदांड्याहून दिघीला जायला जेट्टीवर गाडी बोटीत चढवता येते. तिकीट गाडीच्या आकारावर, सुट्टे पैसे हाताशी ठेवा. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण वाऱ्याला उभं राहायला मिळतं आणि घाटवळणांचा लांबचा फेरा वाचतो. पलीकडे उतरून दिवेआगरला उकडीचे मोदक जेवलो. जेवलो हाच शब्द बरोबर आहे. मग म्हसळ्याच्या वाटेला लागलो.

म्हसळ्याच्या अलीकडे एका गावात भाताची कापणी झालेल्या खाचरात मैदान आखून कबड्डी चालली होती. मुंबईत नोकरी करणारी पोरं सुट्टीला आलेली, त्यामुळे गाव भरलेलं. आम्ही बांधावर एका काकूंशेजारी बसलो. त्यांच्या गावाचे सहा गडी बाद होऊन बाहेर रांगेत बसले होते. आत एकटा पोरगा उरला होता आणि तो चढाईला निघाला.

"माझा रोशन पयला हाय रांगेत," काकू म्हणाल्या. "ह्यानी येक गडी मारला का माझा उठल."

"आणि नाही मारला तर?" सईने विचारलं.

"तर लोन, समदेच बाद. पन मारल गो, बग तू." आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "मार रं बाळा! मार!" असा आवाज लावला की बांधावरची बकरी पळाली.

त्या पोराने कोपऱ्यातल्याचा हात चुकवून पायाने गडी टिपला आणि रेषेवर झेप घेतली. रोशन उडी मारून आत. काकू रडायच्याच बाकी होत्या.

"तो चढाईवाला कोण तुमचा?" मी विचारलं.

"त्यो? वरच्या आळीतला. त्यांच्या घराशी आमचं बोलनं न्हाय," काकू म्हणाल्या आणि पुन्हा त्याच्यासाठीच ओरडायला लागल्या.

सामना हरले ते शेवटी.  माणगावला हायवेला लागल्यावर सईने विषय काढला.

"आत्या, रोशनला आत यायला दुसऱ्याने चांगलं खेळावं लागलं. म्हणून काकू त्या पोरासाठी ओरडल्या. मी तिसरी गोलकीपर झाले तर आई देवाकडे काय मागेल? पहिलीचा पाय मुरगळू दे, दुसरीला ताप येऊ दे? आणि आईचं सोड, बेंचवर बसून मीच तेच मागायला लागेन. मला नाही तसं व्हायचं."

मी गाडी चालवत राहिले. खूप अभिमान वाटला आणि दादाला काय सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू केली.

आता घरी आहे. गाडीत अजून वाळू निघतेय, आणलेल्या सुक्या बोंबलांच्या वासावरून शेजाऱ्यांची एकदा बेल वाजवून झाली. दोन दिवसांत हा किनारा आटोपता येतो, पण तिसरा दिवस काढलात तर दिवेआगरला राहा. मला मात्र समुद्रापेक्षा बांधावरच्या त्या काकूच जास्त आठवतात.

सोमवारी सकाळी दादाचा फोन आला. सईने पनवेलच्या कॉलेजला होकार कळवला होता.

"तुला कशाला पाठवलं होतं मी?" तो कडाडला. "अगं, त्या टीमला बचाव माहीत नाही! पोरगी दर मॅचला पाच-पाच गोल खाईल!"

"खाईल, दादा," मी म्हणाले. "तिकडे तिला एकसुद्धा खायला मिळाला नसता."

दादाचा आवाज खाली आला. मग त्याने विचारलं, "तिचे ग्लोव्हज जुने झालेत ना गं?"