भोंग्यावरून केलेली साफसफाई

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! साऱ्या कुरुंदा गावाला मी जन्मभर बनवलं, अन् शेवटी स्वतःलाच असं बनवलं की आज शेळ्यांच्या गोठ्यात निजून राहिलोय.

झालं असं. सूनबाई बाळंतपणाला माहेरी, डोंगरकड्याला गेलेली. नातू झाला. तिचा निरोप आला, "मामा, पाळण्यापुरती जागा करा, मगच येते."

जागा आणू कुठून? आमचं घर म्हणजे आठवडी बाजार! हळदीची पोती, मोडकी खुर्ची, फुटका फवारणी पंप. काही फेकतो म्हणलं की आमची बायको गयाबाई आडवी.

"राहू द्या, लागंल कवातरी."

"अगं, हा पंप कवाच देवाघरी गेला!"

"तुमी तरी काय कामाचे हाव? ठिवलंच न्हाई का घरात?"

बोला आता!

त्यात अर्धं सामान शेजाऱ्यांचं. मागून आणलेलं, द्यायचं राहून गेलेलं. मला गंमत सुचली. मारुतीच्या देवळात गेलो, भोंगा चालू केला अन् आवाज घोगरा करून ठोकून दिलं, "दुसऱ्याची वस्तू ज्याच्या घरात, त्याच्या लेकराला तकलीफ! आजच ज्याची त्याला पोचवा होऽऽ!"

घरी येतो तर गयाबाई पदर खोचून तयार! कोणाची परात, कोणाची शिडी, कोणाचं जातं. दुपारपर्यंत अर्धं घर मोकळं! मी तोंडात टॉवेल कोंबून हसून राहिलो. लगेच डोंगरकड्याला पोराला फोन लावला, "निघा रे, पाळण्याला जागा झाली!"

पण मला सांगा, भोंगा काय एकट्या गयाबाईलाच ऐकू येतो?

पहिला आला शेजारचा सोपान. डोक्यावर गंजकी कोठी.

"दादा, ही तुमची. माफी करा."

"अरे, तुला देऊन टाकलीय ती!"

"न्हाई बा. लेकराचा सवाल हाय."

मागं रुख्मामावशी, बैलगाडीत दोन मोडके पलंग घेऊन. तिच्यामागं रांगच! गोड बोलून जे जे भंगार मी गावाच्या गळ्यात मारलं होतं, ते सगळं चालत घरी आलं. अन् आपल्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत ना! कोठीत ज्वारी, डब्यात तूर, घमेल्यात शेंगा. पाय ठेवायला जागा उरली नाही!

मी ओरडलो, "अरे, भोंग्यावर मीच होतो!"

"दादा, तुमची थट्टा कळती आमाला," म्हणून सोपान हसत निघून गेला. जन्मात एकदा खरं बोललो, तर ही गत!

तेवढ्यात दारात जीप. सूनबाईच्या कुशीत नातवाचं नुसतं टोपरं दिसलं. मी हात पसरले, पण मधी दोन पलंग!

"मामा, पाळणा कुठं बांधू?"

मी एक पोतं उचललं, अन् ठेवायला जागा नाही म्हणून परत तिथंच टाकलं.

"जागा नसंल तर याच जीपनं माघारी जाते मी."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं हो. नातवाचं तोंड बी बघितलं नव्हतं अजून!

गयाबाईनं घरभर नजर फिरवली. एकेका वस्तूवर थांबली. मग माझ्या निजायच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "ती तुमच्या मामाची बाज उचला."

बाज उचलली. पाळणा तिथं बराबर बसला!

दिवेलागणीला गयाबाई गोठ्यात घोंगडी द्यायला आली. माझ्याकडं बघत उभी राहिली, अन् म्हणाली, "आज साऱ्या गावात ज्याची वस्तू त्याला पोचली. तुमाला न्यायला काहून कोणी आलं न्हाई हो?"

तवापासून मी बी तोच इचार करून राहिलोय.