भांडं नको, मीठ घे

माझं सामान बघून माझा कामावरचा जोडीदार हसला नाही. त्याची बायको हसली. भिवपुरीच्या वीजघराजवळच्या एका गावात त्यांचं घर होतं. त्यांच्या अंगणात मी माझं गाठोडं सोडलं होतं. काळी घोंगडी, पितळी तांब्या, एक पातेलं, बाजरीच्या पिठाची पिशवी, जास्तीच्या वहाणा आणि कधी तरी लागेल म्हणून घेतलेलं सुतळीचं गुंडाळं.

"एवढं घेऊन सासरी चाल्लास काय रं?" ती म्हणाली. "का आमच्याकडची लोकं पानी पन देत नाय आसं सांगितलंय कुनी?"

खरं म्हणजे मला तसंच वाटत होतं. मी माणदेशातला. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढं दुष्काळानं गावही सोडवलं. घरापासून इतक्या लांब, जिथं पाऊस चार महिने थांबत नाही आणि माणसं दोन वेळा भात खातात, तिथं कुणाच्या भरवशावर राहायचं? तेव्हा जे लागेल ते पाठीवर असलेलं बरं.

जोडीदाराला मी मामा म्हणत असे. नातं काही नव्हतं. पण मुकादमापाशी माझ्यासाठी शब्द टाकला तो त्यानं, आणि तेवढ्यानं मी त्याचा जन्माचा मिंधा झालो. काम चालण्याचं होतं. वीजघरातनं निघालेल्या तारांखालून खालापूर करत चौक गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत प्रत्येक मनोऱ्याचे पाय बघायचे, सैल नट आवळायचे. बेचाळीसच्या धामधुमीत या मुलखात लोकांनी मनोरे पाडले होते. त्यानंतर वीज कंपनीनं गस्त वाढवली आणि आमच्यासारख्यांना तात्पुरतं घेतलं. पावसाळ्यानंतर कायम करू, असं मुकादम म्हणाला होता. कायम झालो की भिसेगावात एक खोली घ्यायची आणि बायकोला आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मामानं एकेक वस्तू उचलून हातात तोलली. तांब्या बाजूला गेला, त्याच्या जागी तारेची कडी लावलेला पत्र्याचा डबा आला. वहाणा गेल्या. पीठ गेलं, "बाजरी हितं कोन भाजून देनार तुला?" म्हणून. घोंगडीवर त्यानं हात फिरवला. ती माझ्या सासऱ्यानं लग्नात दिलेली, आमच्याकडच्या मेंढरांच्या लोकरीची.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "पर ही भिजली का मग तू तिला नाय न्हेनार, ती तुला न्हेईल. हितंच ऱ्हाऊ दे. गोनपाट घे."

"आणि पातेलं?"

"भांडं नको, मीठ घे. तंबाखू घे. भांडं घेऊन गेलास तर लोकं म्हंतील, ह्याचा ह्यो शिजवून खाईल. मीठ घेऊन गेलास तर चुलीपाशी बस म्हंतील."

मग त्यानं कंपनीची पिशवी माझ्यापुढं सरकवली. नट आवळायचे जाडजूड पाने, नटबोल्ट, तार, दोर, वर कंदील. माझ्या सगळ्या संसारापेक्षा ती जड.

"मामा, यातलं काय काढायचं?"

"त्यातला एक बोल्ट पन नाय." तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसा काही मी देवळातला नंदी विकायला काढला होता. "हलकं व्हायचं त्ये आपल्यातनं."

पहिल्या काही फेऱ्या मी जीव मुठीत धरून केल्या. रोज संध्याकाळी पिशवी उघडून पाने मोजायचो. मामा म्हणायचा, "पिल्लं देत नाईत रं ती." पण मिठाचं त्याचं म्हणणं खरं निघालं. सखल भागातली गावं आमच्याशी तुटक वागायची. "आले कंपनीचे राखनदार," असं ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणायची. पण खालापूरच्या पुढं डोंगराखाली एक ठाकरवाडी होती, तिथं आमचा मुक्काम पडायचा. लढाईच्या दिवसांत मीठसुद्धा मिळायची पंचाईत, त्यामुळं मिठाची पुडी पुढं केली की तिथली एक म्हातारी ती आधी हुंगायची, मग चुलीवरचं मडकं आमच्याकडं सरकवायची. "नुसता मीठ आनतोस, बायकोला कधी आनशील?" असं ती मला दर खेपेला विचारायची. कायम झालो की आणतो, असं मी दर खेपेला सांगायचो. पाठ हलकी झाली होती. रात्री झोप लागायला लागली होती.

कार्तिकात भात कापायला आलं. दुपारच्या उन्हात मामा एका मनोऱ्याच्या पायाशी टेकला आणि थडथडायला लागला. दातावर दात आपटू लागले, ओठ निळे पडले. मी त्याच्यावर दोन्ही गोणपाटं टाकली, डोक्याचा पटका सोडून टाकला, वरून मी स्वतः पडलो. तरी माझ्यासकट तो हलत होता. मला ती घोंगडी आठवत होती. आमच्या कोरड्या मुलखात हिवताप मी कधी बघितला नव्हता. असा थडथडणारा माणूस मी एकच बघितला होता, माझा बाप, आणि तो संध्याकाळ बघू शकला नाही.

जवळच्या शेतात एकजण भाताचे भारे बांधत होता. मी धावत गेलो. "दादा, एक गोधडी द्या. माणूस जातोय."

त्यानं मान वर केली नाही. "कंपनीला सांग की. वायरीतनं ऊब धाडंल."

मग मी वाडीवर पळालो. वाडीवरनं तिघं आले, लगेच आले, एक लांब बांबू आणि गोधडी घेऊन. झोळी बांधली. डोंगरकडेची ती वाट, त्यात मामा अंगानं दांडगा. मी चौथा खांदा दिला नसता तर झोळी हलली नसती. आणि खांदा दिला तर पिशवी लांब नेता येत नव्हती, वाडीपर्यंत ती दुसऱ्या खांद्यावर कशीबशी ओढली. मामा झोळीतनं बरळत होता, "पाने घे रं. मला ऱ्हाऊ दे, पाने घे."

वाडीवर पोचलो तशी मी पिशवी म्हातारीच्या हवाली केली. तिनं ती भाताच्या कणगीमागं ढकलली. आम्ही तसेच पुढं निघालो आणि दुसऱ्या दिवशी मामाला त्याच्या घरी पोचवलं. घामानं भिजला होता, पण शुद्धीवर होता.

मी मुकादमाकडं गेलो. मामा कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही.

"पाने कुठायत?"

मी सांगितलं. तो खुर्चीतनं उठला. "वाडीवर? ज्या पान्यांनी मनोरे उलगडतात, ते पाने वाडीवर ठेवून आलास?"

मी आणायला निघणार, तेवढ्यात वाडीवरचे दोघं फाटकापाशी दिसले. पिशवी त्यांनी आपणहून डोक्यावरनं आणली होती. सगळं जागच्या जागी होतं. तरी त्यांना संध्याकाळपर्यंत उन्हात उकिडवं बसवलं. पिशवी कुणी दिली, कशाला दिली, कुठले नट खोलले? मी पुनःपुन्हा सांगत राहिलो की मीच ठेवली. मुकादम म्हणाला, "तुला विचारलेलं नाही."

मला त्याच दिवशी काढलं. चार दिवसांनी मामालाही काढलं, इतक्या वर्षांची नोकरी असून, आजारी माणसाला गस्त झेपत नाही म्हणून.

मामाचा निरोप घ्यायला गेलो तेव्हा तो ओटीवर बसला होता. हिंडूफिरू लागला होता. माझ्याकडं बघेना.

"कुनी सांगितलं व्हतं तुला मला उचलाया?" तो शेवटी बोलला. "हिव हाय त्ये. दर साली येतं. सांजंला उतरलं आसतं, मी माज्या पायानं आलो आसतो."

"मला वाटलं तुम्ही जाताय."

"घाटावरचा तू. तुला काय ठावं?" तो उठून आत गेला.

तो चुकीचं बोलला नाही. पण माझंही काय चुकलं, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. त्या माणसाच्या उपकारावर मी त्या मुलखात उभा राहिलो, आणि मी त्याला उचललं हीच त्याची माझ्यावरची तक्रार राहिली.

त्याच्या बायकोनं माझं गाठोडं बाहेर आणून दिलं. घोंगडीची घडी तशीच होती. तांब्या तिनं चिंचेनं घासला होता. तांदूळ आणि मिठाची पुडीही तिनं बांधली. "घे रं. तुजं समदं तसंच हाय," म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

चौकात मोटारी दुरुस्त करणाऱ्यांकडं काही काम मिळतं का बघावं, म्हणून मी त्याच वाटेनं निघालो. वाडीवर थांबलो. म्हातारी दारात होती. मी पुडी पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

"नको बाबा. तुजा मीठ नको आता."

बायकोचं तिनं विचारलं नाही. कवाड लावून घेतलं.

वाडीच्या खाली ओढ्याकाठी तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि माझ्या पातेल्यात भात शिजवला. त्या मुलखात आल्यापासून ते पातेलं पहिल्यांदाच चुलीवर चढलं होतं. मीठ मात्र जास्त पडलं.