चौदा नंबरचा अँकर

इझिडोर कोकोल आमच्या टोळीतला ड्रिलवाला. तीस वर्षं डोंगराला भोकं पाडली, पण बोलण्यात महाकंजूष. जेवायला बोलावलं तर "हं", शिव्या घातल्या तर "हं". लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही "हं"च म्हणाला, असं त्याची बायको सांगते. मी सिमेंटच्या पंपावर, म्हणजे दिवसभर मला हाच बोलघेवडा सोबतीला.

द्रावा नदीकाठी रेल्वेचा बोगदा निघायचा होता. त्याच्या तोंडाशी डोंगर उभा कापायचा, म्हणून आधी भिंत. ही भिंत वरून खाली बांधतात. लोकांना पटत नाही, पण तसंच आहे. दोन मीटर कापायचं, काँक्रीट मारायचं, मग डोंगरात वीस मीटरचं भोक पाडून पोलादी तारांचा जुडगा घालायचा आणि सिमेंट भरायचं. ते वाळलं की जॅकनं ताणायचं. हा झाला अँकर. एक ओळ ताणल्याशिवाय खालची माती हलवायची नाही.

वर घर होतं इझिडोरच्या थोरल्या भावाचं, फेलिक्सचं. घराखाली डोंगराच्या पोटात बापानं खोदलेलं वाइनचं तळघर, अर्थात परवान्याशिवाय. असलं तळघर सरकारी नकाशावर दाखवणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचाय. मोजणीवाले आले तेव्हा फेलिक्स गप्प, इझिडोरही गप्प. भोकं तळघरापासून तीन मीटर लांबून जातील, असा त्याचा अंदाज होता.

चौदाव्या भोकाला अकरा मीटरवर ड्रिल एकदम पुढे धसला. भोकातून पाणी परत आलं ते लाल. पोरं हसायला लागली, एक जण तर पेला घेऊन धावला. मी वास घेतला. फेलिक्सचीच वाइन. दर चार डिसेंबरला, बोगदेवाल्यांची राखणदार संत बार्बरा, तिच्या सणाला, असू त्या बोगद्याच्या तोंडाशी तिच्या मूर्तीसमोर आम्ही हीच पितो. मी नाही ओळखणार तर कोण?

इझिडोरचा चेहरा पांढराफटक पडला. मी हळूच म्हणालो, "इझ्या, बोळा कोंबू. हा अँकर नुसता कागदावर ताणू. एकानं काय बिघडतंय? भावाचं तळघर वाचेल."

"खाली खोदायला कोण उतरणार?"

"आपणच."

"मग?" म्हणाला, आणि हेल्मेट काढून इंजिनियर ब्रेडाबाईंकडे गेला. सगळं सांगून आला, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. बाईंनी त्याला फाडून खाल्लं. पिंपं बाहेर काढली, तळघरात काँक्रीट भरलं, चौदा नंबर पुन्हा पाडला. फेलिक्स खिडकीतून ओरडला, "बापाच्या घामावर काँक्रीट ओतलंस. तू माझा कोणी नाहीस." त्या दिवशी इझिडोर "हं"सुद्धा म्हणाला नाही. मला त्याची फार दया आली, आणि माझीच लाज वाटली.

बार्बरेला दुकानातली वाइन आणली. आंबटढाण. इझिडोरनं ग्लासाला हात लावला नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळत असतानाच आठवडाभर पाऊस लागला. भिंत संपते तिथून पुढचा उतार एका सकाळी शेजाऱ्याची आलुबुखाराची झाडं घेऊन खाली आला. भिंत हलली नाही. चौदा नंबरवरचा ताण मोजणारा काटा दोन टनांनी चढला आणि थांबला. वर फेलिक्सच्या धुराड्यातून धूर निघत होता.

दुपारी फेलिक्स स्वतः खाली आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. भिंतीपाशी येऊन चौदा नंबरवर हात ठेवला.

"मोजणीच्या वेळीच का नाही बोललास?"

"तू रागावशील म्हणून," इझिडोर म्हणाला. "पण माझा अंदाज तीन मीटरचा होता. चुकला कसा?"

फेलिक्सनं टोपी काढली, परत घातली. "आणखी एका पिंपासाठी मी तळघर वाढवलं होतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. चार मीटर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रागावशील म्हणून."

"हं," इझिडोर म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याला जागा दिली.