वरच्या खोलीची किल्ली

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि माझ्या पोटात एरवी तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगते. संध्याकाळच्या आत एकदा तोंडातून निघू तर दे.

आमच्या घरावर एक खोली आहे. अमरावतीत कॉलेजच्या आसपास अशी खोली घरोघरी असते आणि ती भाड्याने द्यायची रीतही एकच — आधी आईवडलांना घेऊन ये. दर्यापूरकडची माणसं मुलीला पोचवायला येतात, घरची तूरडाळ आणतात, चहा पितात, 'आता तुमच्याच भरवशावर' म्हणतात. मग किल्ली. मला ही रीत फार आवडायची. आपण कोणीतरी मोठ्या आहोत असं वाटायचं.

मीना आली ती एकटीच. बालगृहात वाढलेली, अठरा पूर्ण झाली म्हणून तिथून निघालेली, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात नुकतीच लागलेली. मी म्हटलं, कोणाला तरी घेऊन ये. ती म्हणाली, "मले आनाले कोनीच नाई जी, काकू." आणि मी — मी दार लावलं.

एवढंच असतं तर? घाबरट बाई म्हणून तुम्ही सोडून दिलं असतं. पण एवढंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रजियाभाभी भिंतीवरून म्हणाल्या, माझी मागची खोली देऊन टाकते, पोरगी चांगली दिसते. माझं डोकंच फिरलं. भाभींनी ठेवली तर गल्ली म्हणेल, मग हिलाच काय झालं होतं? आणि मी बोलून गेले... नाही, बोलून गेले कसलं! विचार करून बोलले. जपून हं भाभी, तिच्यामागे पोरं फिरतात, मी पाहिलंय.

काही पाहिलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही.

भाभींनी खोली दिली नाही. मग गल्लीत कोणीच दिली नाही. काही दिवसांनी अकोल्याला बहिणीकडे निघाले, तर बडनेऱ्याच्या फलाटावर, नळापाशी, मीना ओले केस पुसत होती. बाजूला तिचं सगळं सामान. कामावर जायची तयारी चालली होती — ती तिथे राहत होती, माझ्यामुळे. मी पदर डोक्यावर ओढला आणि पुढच्या डब्याकडे चालू लागले. लाज वाटली का? खरं सांगू — तेव्हा फक्त तिने ओळखू नये एवढंच वाटत होतं.

त्याला बरीच वर्षं झाली. यंदा आमच्या गल्लीत बैठका सुरू झाल्या, भाभींच्याच अंगणात. ठरलं असं — बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांची सोय ऐनवेळी नाही, कितीतरी आधी लावायची. ज्याला कोणी नाही त्याच्यासोबत खोली पाहायला बैठकीला येणाऱ्या कोणीतरी पालक म्हणून जायचं. अकोल्याहूनही माणसं येऊन सगळं विचारून गेली, त्यांनाही हे करायचं आहे. मी उत्साहाने सगळ्यांना चहा देत होते. मला खरंच आनंद झाला होता.

मग एका बैठकीला मीना आली. आता कारखान्यात तिच्या हाताखाली मुली काम करतात. तिने कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "माह्याबद्दल काही आयकलं होतं, तं मलेच इचारलं असतं. कोनी इचारलंच नाई." त्यावर ठरलं — कोणाबद्दल काही कानावर आलं, तर आधी त्याच मुलाला विचारायचं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला! भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पाहिलंच नाही.

आज संध्याकाळी बालगृहातल्या दोन मुली माझ्या वरच्या खोलीत राहायला येताहेत. पालक म्हणून मीना सोबत आहे. भाभींनाही बोलावलंय. मुली सामान लावायला वर गेल्या, की मीनाला आणि भाभींना मी सांगणार आहे — जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं म्हणाले होते, आणि जे पाहिलं त्यापासून तोंड फिरवलं होतं.

खोली झाडून झाली आहे. खिडकीला नवा पडदा लावला. किल्ली मात्र सकाळीच मीनाकडे पोचवली. माझं ऐकून त्या दोघी चहा न घेता उठल्या, तरी मुलींची खोली जायला नको.