टोकन देऊन टाकलेली सकाळ

आमच्या विभागात टोकनचं यंत्र आलं, तेव्हा सुरू होण्याआधी त्याला हळदकुंकू लागलं. नारळ फोडायचाही बेत होता, पण फरशा नव्या होत्या.

बाहेरगावी ज्याला घरपट्टी म्हणतात, त्याला आम्ही कोल्हापुरात घरफाळा म्हणतो. तो भरून घ्यायच्या खिडकीत मी बरीच वर्षं बसते. मला विचाराल तर खिडकी म्हणजे छोटा रंगमंच. चौकट असते, समोर प्रेक्षक असतात आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवावा लागतो. माझा पोचतो. हौशी नाटकांत मी राणीपासून कजाग सासूपर्यंत सगळं केलंय. ‘पुढचे कोण?’ असं मी म्हटलं की बाहेर गाड्यावर चहा पिणारा माणूससुद्धा कप खाली ठेवायचा.

मग नव्या मॅडम बदलून आल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, आवाज मऊ आणि निश्चय पक्का. महिन्याभरात जाळ्या निघाल्या, काचा लागल्या, लोकांना बसायला खुर्च्या आल्या. दारात यंत्र उभं राहिलं. त्यात आपल्या मिळकतीचा क्रमांक टाकायचा, टोकन घ्यायचं आणि बसायचं. आपला नंबर पुकारला की खिडकीतल्या संगणकावर आपलंच घर उघडतं, दुसरं कुणाचं उघडत नाही. ओळखीच्या माणसाचं काम हळूच आधी करून द्यायची एक जुनी पद्धत आमच्याकडे होती. ती मोडायला मॅडमनी मुद्दाम तशी सोय करून घेतली होती. एका घराला दिवसातून एकच टोकन, म्हणजे दलालांचीही गंमत संपली.

आम्हाला बोलायचं शिक्षणही मिळालं. नागरिक समोर आला की हसून म्हणायचं, “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?” माझी पाळी आली तेव्हा मी हात छातीशी नेला, मान किंचित कलती केली आणि वाक्य सोडलं.

“थोडं कमी करा,” मॅडम म्हणाल्या.

“किती कमी?”

“जेवढं जमेल तेवढं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी पहिला आला तो दरवर्षीचा भांड्यांचा दुकानदार. मी हसून वाक्य म्हटलं. तो दोन पावलं मागं सरला.

“बाई, बरं न्हाय काय तुमाला? घरी जावा की.”

आता त्या सकाळची गोष्ट.

कसबा बावड्याच्या एक मावशी दार उघडल्या उघडल्या आल्या होत्या. नवं इरकल, कपाळाला बुक्का, हातातल्या पिशवीत पेढ्यांचा पुडा. त्यांनी टोकन घेतलं, खुर्चीत बसल्या आणि आपण कशाला आलोय ते सगळ्या हॉलला सांगून टाकलं. मला खिडकीत बसल्या जागी ऐकू येत होतं. त्यांचं घर त्यांनी म्हशींच्या दुधावर उभं केलेलं, पण पावती आधी सासऱ्यांच्या नावानं यायची, मग नवऱ्याच्या नावानं. मालक गेल्यावर लेकीनं मोबाईलवरून अर्ज भरला आणि घराला आता मावशींचं नाव लागलं होतं. आज त्या नावाची पहिली पावती निघणार.

“आन् उद्या मी चाललोय पेठ वडगावला, लेकीच्या बाळंतपणाला. चार महिने काय परत येत न्हाय. तिला पावती दावायची. तिनंच केलं की हे सगळं.”

हॉलमधल्या माणसांनी माना डोलावल्या. पेढ्यांचा पुडा सगळ्यांनी पाहून घेतला.

यंत्रातून पुकारणारी बाई आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी बोलायची. “टोकन क्रमांक सहा, कृपया खिडकी क्रमांक दोनवर यावे.” लोक आधी छताकडे बघायचे, मग एकमेकांकडे, मग उठायचे. यंत्र थोडा वेळ वाट बघायचं. कुणी आलं नाही तर तो नंबर बाद.

यंत्र बनवणाऱ्यांना हे सगळं सुचलं होतं. एकच गोष्ट सुचली नव्हती. कोल्हापूरचा माणूस रांगेत भांडेल, पण खुर्चीत बसवून हातात नंबर दिलात तर तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकेल.

सुरुवात मावशींनीच केली. शेजारी एक तान्हं बाळ घेतलेली बाई बसली होती. बाळ रडायला लागलं, तशी मावशींनी आपलं टोकन तिच्या हातात कोंबलं. “तू जा आदी. माजं कुटं दूध उतू चाललंय?” आणि तिचं स्वतः घेतलं. समोर एक पैलवान बसले होते. तब्येत अशी की एका खुर्चीत मावत नव्हते, म्हणून दोन खुर्च्यांच्या मधे बसले होते. त्यांनी हे पाहिलं आणि त्यांनाही राहवेना. त्यांचा नंबर आणखी आधीचा होता. “ताई, ह्ये घ्या, आताच लागतोय बघा.” बाळाच्या आईनं पैलवानांचं टोकन घेतलं आणि मावशींचं त्यांना दिलं. मोकळे झालेले पैलवान चहाला बाहेर गेले. त्यांचं बघून आणखी दोघातिघांनी अदलाबदल केली. हॉलमध्ये नुसता मोठेपणा सुटला होता. हे आम्हाला मागाहून कळलं; तेव्हा खिडकीत यातलं काही दिसलं नाही. काचेमागून फक्त माणसं हसताना दिसत होती, आणि ग्राहकसेवा सुधारली असं आम्हाला वाटलं.

आधी शेजारच्या खिडकीत गोंधळ झाला. बाळाच्या आईला तिथल्या कारकुनानं सांगितलं की तुमच्या तीन मजल्यांचा घरफाळा इतका इतका. “तीन मजलं?” ती म्हणाली. “आमाला एक खोली हाय, दादा.” तिकडे बोलणी चालू होती, तोवर मावशी माझ्यासमोर आल्या.

पैसे घेण्याआधी मी नेहमी घरमालकाचं नाव मोठ्यानं वाचते. सवयच आहे. पडद्यावरचं नाव वाचलं. ते एका पुरुषाचं होतं.

मावशींचा हात पिशवीतच थांबला.

“ह्ये कोण?”

“तुमचे मालक नव्हेत?”

“न्हाय.” त्या पडद्याकडे बघत राहिल्या. वाचता येत असूनही त्यांना ते वाचायचं नव्हतं, असं काहीतरी. “म्हंजे माजं नाव लागलंच न्हाय?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू विचारला की मला काचेला कान लावावा लागला.

मी त्यांच्या हातातलं टोकन मागितलं, विचारपूस केली, आणि सगळा घोळ एका मिनिटात उलगडला. मावशींचं नाव जागच्या जागी होतं, टोकन तेवढं बाळाच्या आईचं होतं. बाकीच्यांनी टोकनं परत अदलून घेतली आणि त्यांचं तिथल्या तिथे मिटलं. मावशींचं टोकन मात्र पैलवानांच्या खिशात होतं आणि पैलवान चहाच्या गाड्यावर. यंत्रातली बाई तो नंबर मऊ आवाजात पुकारून कधीच गप्प झाली होती. नंबर बाद. दुसरं टोकन मागितलं तर यंत्र म्हणालं, आज नाही.

पैलवान धावत आत आले. “मावशी, माज्यामुळं झालं.”

“तुज्यामुळं कसं, बाबा? सुरुवात मीच केली की.”

टोकनशिवाय मावशींचं घर उघडू शकतील अशा एकट्या मॅडम होत्या. परवलीचा शब्द त्यांच्याकडेच. मी आत जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

“आज एकासाठी उघडलं, की उद्या प्रत्येक ओळखीचा माणूस माझ्या दारात. मग हे सगळं कशाला केलं आपण?”

चुकीचं नव्हतं ते. त्या ओळखीच्या माणसांपैकी निम्मे माझेच होते.

“पण मॅडम,” मी म्हटलं, “पुढं घुसायचं असेल तर ते कुणाच्या पुढं? जे बसलेत त्यांच्याच ना? त्यांनाच विचारू.”

त्या बाहेर आल्या. विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण तो आवाज पंख्यापलीकडे जाईना. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही विचारा. कमी करू नका.”

काय सांगू तुम्हाला! मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. “मंडळी! या मावशींचा नंबर गेलाय. मॅडम त्यांचं काम आत्ता करून देतील, पण तुमच्या आधी. कुणाची हरकत आहे?”

“हाय!” मागून एक म्हातारबा ओरडले.

सगळ्या माना मागं वळल्या. मॅडमचा चेहरा पडला, मावशींनी पदर सावरला.

“आदी तिला बसाय खुर्ची द्या,” म्हातारबा म्हणाले. “कवाधरनं उभी केलीया बाईला!”

मॅडम माझ्या खुर्चीत बसल्या, परवलीचा शब्द घातला आणि घर उघडलं. पावती छापून आली. मावशींनी ती धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि माझ्या हातात दिली.

“वाच.”

मी वाचलं. आधी त्यांचं नाव, मग मालकांचं, मग आडनाव. नेहमीच्या आवाजात, म्हणजे चहाच्या गाड्यापर्यंत.

“पुन्ना एकदा.”

पुन्हा वाचलं. पैलवानांनी टाळी वाजवली आणि एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबले.

पेढे हॉलभर फिरले. नागरिकांकडून काहीही घेऊ नये अशी पाटी आमच्या डोक्यावर होती, म्हणून आम्ही फक्त वास घेतला. मावशींना ते पटलं नाही. जाता जाता त्यांनी एक पेढा यंत्राच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कागद अडकला तेव्हा आतून मुंग्या निघाल्या. मॅडमनी यंत्रवाल्याला कारण सांगितलं नाही. त्या मात्र आणखी एक बटण मागून बसल्या. आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा असेल तर दाबायचं, म्हणजे घरांचीही अदलाबदल होते. फोनवरचा माणूस पुनःपुन्हा विचारत होता की असं कुणाला हवं असतं. मॅडम त्याला म्हणाल्या, “तुम्ही एकदा कोल्हापूरला या.”

घरफाळा आता मोबाईलवर भरता येतो. मावशींच्या लेकीलाही तो भरता येतो. तरी यंदा मावशी आल्या, कडेवर नात होती. त्यांनी टोकन घेतलं आणि एका म्हाताऱ्यासाठी ते बटण दाबलं. त्यांचा नंबर लागायला बराच वेळ लागला. खिडकीशी आल्यावर पावती त्यांनी हातात घेतलीच नाही. नातीला काचेसमोर धरलं आणि मला म्हणाल्या, “वाच. हिला ऐकू दे.”