टाकीच्या कपाळावरचं कुंकू

मुलांनो, तुमचा मामा प्लास्टिकच्या टाक्या बनवतो हे राजाजीनगरच्या शेजारणींना सांगणं मी आता सोडलं आहे. त्या लगेच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा भाव विचारतात. मामाच्या टाकीत बससाठी हायड्रोजन भरतात, तोही इतका दाबून की टाकी कच्ची निघाली तर बस शोधत फिरावं लागेल.

म्हणून प्लास्टिकच्या पोकळ साच्याभोवती कार्बनच्या धाग्यांची पट्टी गुंडाळतात. जुन्या पद्धतीत धागे रेझिनमध्ये भिजवून भट्टीत पक्के करतात. ते इडलीसारखं, एकदा वाफवली की पुन्हा पीठ होत नाही. मामाच्या पट्टीत धागे प्लास्टिकमध्येच बसवलेले असतात; ती गुळासारखी, तापली की मऊ, निवली की घट्ट. लेझरने तापवत, दाबत गेलं की सगळे थर एकजीव होतात. अट एकच: मध्ये धूळसुद्धा नको. त्यामुळे टोपी, हातमोजे आणि पायांत पिशव्या घातल्याशिवाय मामा त्या खोलीत कुणाला सोडत नाही. मला, त्याच्या आईलाही नाही.

मागच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, देवनहळ्ळीच्या मामाच्या कारखान्यात आम्ही, तिथल्या सगळ्यांच्या घरची माणसं जमलो. धूळ नको म्हणून टोप्या आणि पिशव्या चढवलेली ही सगळी शिस्तशीर मंडळी कुंकवाचं ताट घेऊन त्या खोलीत शिरली. यंत्रावर अर्धी गुंडाळलेली टाकी होती. बस कंपनीचे मोठे साहेब पाहुणे होते. याच टाकीची चाचणी पाहून ते ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होते, आणि ऑर्डर हुकली तर मामाचा विभाग बंद होणार होता. मालकांनी ताट साहेबांपुढे धरलं.

"सर, यंत्राला लावू या. टाकीला नको," मामा म्हणाला.

"स्वल्प लावतात रे, थोडंसं! देवाच्या कामात कसलं इंजिनिअरिंग?" मालक म्हणाले.

साहेबांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची तीन बोटं टाकीवर ओढली. मामा पुसायला धावला, तर मालकांनी त्याचं मनगट धरलं. "अम्मा, तुमच्या मुलाला सांगा, पुसणं अपशकुन असतो." मी म्हटलं, "टाकी फुटणं काय असतं?" ते हसले आणि त्यांनी स्वतः यंत्राचं बटण दाबलं. टाळ्या झाल्या.

पुढचं मामाने सांगितलेलं. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, तेव्हा टाकी ठरलेल्या दाबाच्या बऱ्याच आधी फाटली.

"शेवटी प्लास्टिक ते प्लास्टिक," साहेब म्हणाले.

"मीही यांना हेच सांगत होतो, सर," मालक म्हणाले. याच प्लास्टिकचं कौतुक करणारं भाषण देतानाचा फोटो या माणसाच्या दिवाणखान्यात आजही आहे.

मामाने टाकी कापून दाखवली. थर कांद्यासारखे सुटले होते आणि मध्ये तीन लाल बोटं जशीच्या तशी. साहेबांनी हात खिशात घातला.

"कुंकवाने टाकी फुटली असं मी लिहू?"

"काहीच लिहू नका, सर. कुंकू न लावलेली एक टाकी तपासा. तीही फुटली तर मी घरी बसतो."

दुसरी टाकी टिकली. ऑर्डर आली. मालकांनी म्हैसूरपाक वाटला आणि पहिल्या टाकीने दृष्ट काढून नेली असं सगळ्यांना सांगितलं. देवाचे आभार मानले. मामाचे मानायला सवड झाली नाही.

यंदा आयुधपूजेला मामा भर दुपारी घरी जेवायला आला. पानावर बसतो न बसतो तोच मालकांचा फोन आला. मुहूर्त टळत चालला होता आणि टाकीच्या खोलीची किल्ली सापडत नव्हती.

"माझ्याकडे आहे, सर," मामा सारभात कालवत म्हणाला. "दृष्ट लागू नये म्हणून."