निळ्या मातीतलं पान

सन १९२५. वैशाख सरत आलेला, सकाळची वेळ. जागा: रत्नागिरीजवळच्या एका गावात खोतांच्या घरापुढचं अंगण, खळं. हजर माणसं अशी. ओटीवर खोत, त्यांची म्हातारी आई, आणि त्यांचे पाहुणे, मुंबईच्या कॉलेजात शिकवणारे. खळ्यात गावची माणसं, जो तो आपल्या जातीच्या जागेवर. खळ्याभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर मी, माझी सासू, माझा दीर. आम्ही महारवाड्यातले. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून गैरहजर.

गडग्याच्या तोंडाशी एका दगडावर निळ्या मातीचं चपटं ढेकूळ होतं. मीच आणून ठेवलेलं. खोतांच्या आईने तांब्यात गोमूत्र घालून पाणी घेतलं आणि लांबूनच त्याच्यावर ओतलं. माझा हात लागला होता म्हणून.

त्या ढेकळात एक पान होतं.

आधीचं सांगते, म्हणजे क्रम लागेल. खोतांच्या आंब्याच्या कलमांसाठी आम्ही विहीर खणत होतो. दीर पहारीने फोडायचा, मी आणि सासू टोपलीने वर काढायचो. आमच्याकडे रीत अशी की खणायचं आम्ही. झरा फुटून पाणी साठायला लागलं की आम्ही बाहेर. मग भटजी येऊन विहीर शुद्ध करणार, आणि त्यानंतर आमची सावलीही काठावर चालायची नाही. त्या विहिरीत जांभा संपला आणि खाली निळी माती लागली. तिच्यात कोळशासारखं काळं लाकूड निघालं. मग हे पान. काळं, पातळ, शीर न् शीर दिसणारं. पाहुण्यांना कळलं तसा निरोप आला: जपून आणा, दोन्ही हातांनी. मी दोन्ही हातांनी आणलं. तान्हं मूल आणावं तसं.

पाहुणे ओटीवरून सर्वांना समजावू लागले. हे पान गळलं तेव्हा इथे तळं असेल. पृथ्वीवर माणूस नव्हता. जांभा नंतरचा. याहून जुन्या खडकांत मासे सापडतात, त्याहून जुन्यात नुसते शिंपले. एका जिवातून दुसरा होत गेला. आपण सगळे एकाच मुळाचे.

खळ्यातून कोणी म्हणालं, "म्हंजे आमचा पणजोबा बांगडा?"

"तुझा असेल," खोत म्हणाले. "आमच्या घरात मासळी चालत नाही."

सगळे हसले. पाहुणेही हसले. मीसुद्धा, पदराआड. मला ते बोलणं आवडलं होतं. एकाच मुळाचे. मनात घोळवत उभी होते.

पाहुणे पान घ्यायला खाली उतरले, तशी म्हातारी ओरडली, "थांबा, शिवू नका. बाटवलंन् मेलीनं." आणि पाणी ओतलं.

माती भिजली. पान सुटलं, शिरांसकट वर तरंगलं, त्याचे तुकडे झाले आणि दगडावरून काळा ओघळ गेला. इतकं जुनं पान, पण आचमनाइतका वेळही लागला नाही.

पाणी पडलं की पान जाणार, हे पाहुण्यांना ठाऊक होतं. "अहो," एवढंच म्हणाले होते, आणि थांबले होते.

खोत माझ्याकडे वळले. "हिचा हात लागला तेव्हाच ते फुटलं असणार. काय गो?"

पाहुणे चष्मा पुसत होते. मी मान खाली घातली.

"चुकलं, मायबाप."

हे मी म्हणाले. कोणी तोंडातून काढून घेतलं नाही. पाणी माझ्या अंगावर पडलं नव्हतं, पण शब्द माझा होता. पुढची एवढी वर्षं लाज वाटते ती त्या शब्दाची.

घरी जाऊन मी हात घासले. आधी राखेने, मग जांभ्याच्या तुकड्याने. खरंच वाटत होतं की माझ्याच हातात काहीतरी आहे. रक्त आलं तेव्हा सासू म्हणाली, "मीपन लय घासलाय गो. जात नाय तां."

मी हात थांबवले. सासूचे हात बघितले. मग विचार आला: ते पान गळलं तेव्हा माणूस नव्हता. मग बाटलेला कोण होता, बाटवणारा कोण? हे मातीत नव्हतं, पानात नव्हतं. नंतर कोणीतरी आणलं. जे आणलंय, ते माझ्या हातात कसं असेल?

दुसऱ्या दिवशी झरा फुटला. पाणी घोट्याला लागत असताना दिराने दुसरं ढेकूळ उकरलं. दोन पानं आणि एक बी, पहिल्याहून सुंदर. काठावर खोत आणि पाहुणे आले.

खोत म्हणाले, "टोपलीत घाल. हात लावू नको."

"हात न लावता कसा उचलू?"

"पहारीने सरकव."

"फुटेल."

पाहुणे वाकून बघत होते. मी वर बघून म्हटलं, "खोतांनू, ज्याचा हात चालतो त्यानं उतरावा."

पाहुण्यांनी भिंतीत कोरलेल्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खोत हळूच म्हणाले, "ह्यांच्यात उतरलात, तर पंक्तीला कसे बसाल?"

पाय वर गेला.

दीर कुजबुजला, "वैनी, काम जाईल. पोटाचा काय?"

मला पोट कळत होतं. तरी मी ढेकूळ होतं तिथेच पालथं ठेवलं, वर जांभ्याचा चिरा ठेवला, आणि चढून बाहेर आले. मागून दीरही आला. खाली पाणी भरत राहिलं.

त्या गावात आमच्या घराला पुन्हा काम मिळालं नाही. सासू पावसाळाभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचं चुकत नव्हतं. आम्ही शहरात आलो. मी पाटीवर अक्षरं गिरवली. आता आमच्या समाजाच्या मुलांच्या वसतिगृहाची कोठी माझ्याकडे आहे. तांदूळ, सरपण, कंदील, कोणाची फी, कोणाचं पांघरूण, रोज लिहिते, झालं की खोडते.

एक काम कधीच खोडलेलं नाही. त्या खळ्यात जायचं, गडग्याच्या आत उभं राहायचं, आणि ओटीवर जो असेल त्याला सांगायचं: त्या दिवशी माझं काही चुकलं नव्हतं. मग ह्याच हाताने त्या विहिरीचं पाणी काढून काठावरच प्यायचं. पानं खाली असतील किंवा विरघळली असतील, ते तळ दिसेल तेव्हा बघेन.

हाही वैशाख गेला. काम बाकी आहे.